अर्ध्या सिनेमाचे कीर्तन

सरस्वतीबाईंच्या पत्र्याच्या पेटीत एवढे टॉवेल होते की सगळ्या चौसाळा गावाचे पाय पुसून झाले असते. पण त्यांतल्या एकानेही आजवर कोणाचे अंग पुसले नव्हते. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करायचा. पाहुण्याने तो कपाळाला लावून पिशवीत टाकायचा आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कोणाच्या हातावर ठेवायचा, ही त्या टॉवेलांची जन्माची फिरती. गुलाबी, पोपटी, पिवळे. विरळ विणीचे, खळ दिलेले, थेंबभर पाणी न शोषणारे. प्लॅस्टिकचा कागद काढायचा नाही, हा पहिला नियम. कोणता टॉवेल कोणाच्या घरून आला हे सरस्वतीबाईंना तोंडपाठ होते, कारण ज्याचा त्यालाच परत गेला तर चारचौघांत मान खाली जायची. लग्न होऊन आल्यापासून ही जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि ती त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांच्याबद्दल गावात कोणी कौतुकाने बोलले असेल तर ते एवढ्याच गोष्टीबद्दल.

बाकी त्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत. दिवाळी झाली की शिरूर कासार भागातले आईबाप ऊस तोडायला निघून जात आणि मागे राहिलेल्या पोरी तिथे राहत. त्यांच्यासाठी पातेलेभर वरण आणि टोपलीभर भाकरी सरस्वतीबाईंच्या हातची. नवरा त्रिंबकराव थोडी कोरडवाहू जमीन बघत, पण जमिनीपेक्षा त्यांना टाळ जास्त मानवले होते. भागवत महाराजांच्या कीर्तनात पहिल्या रांगेत, महाराजांच्या अगदी उजव्या खांद्यामागे त्यांची जागा. त्या जागेसाठी त्यांनी कशाकशावर पाणी सोडले असते हे सांगता येत नाही. एकुलत्या एक मुलीचे, मंजुषाचे लग्नही महाराजांनी सुचवले तिथेच केले. शिरूर कासारचे अर्जुनराव म्हणजे बागायती माणूस. दारात जीप, निवडणुकीत शब्दाला वजन. त्यांचा मुलगा अभिमन्यू. त्रिंबकराव महिनाभर गावात अंगात वारे शिरल्यासारखे फिरले होते.

मंजू सासरहून पहिल्यांदा आली तेव्हा तिचे मनगट सुजले होते. सरस्वतीबाईंनी हळद-तेल लावले, आणि त्रिंबकराव तिला परत नेऊन सोडून आले. त्यावर घरात फार बोलणे झाले नाही.

त्यानंतर गावात हरिनाम सप्ताह बसला, आणि त्यातल्या एका कीर्तनात महाराजांनी तो सिनेमा सांगितला.

“माऊली,” महाराज म्हणाले, “मी सोलापूरहून ट्रॅव्हल्सनं येत होतो. पुढं टीव्ही. म्हटलं आता नाचगाणी लावतील, आपण डोळे मिटावेत. तर काय! एका जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याचं चरित्र! गरिबाचं पोर. गोरा माणूस, आपला धर्म ठाऊक नाही. पण रिंगणात उतरायच्या आधी काय करतो? कपाळाला बोट, छातीला बोट, दोन्ही खांद्यांना बोट. माऊली, गंध लावतो हो! गोपीचंदन नाही मिळालं तिकडं, पण जागा त्याच!”

टाळ कडकडले. त्रिंबकरावांच्या डोळ्यांना धार लागली.

“ठोसा बसतो, खाली पडतो. पंच मोजायला लागतो. आपण म्हणतो, गेला! नाही! उठतो! कोणाच्या बळावर? कोपऱ्यात त्याचा म्हातारा गुरू आहे. खांद्यावर पांढरा टॉवेल. घंटा झाली की लेकराला स्टुलावर बसवतो, रक्त पुसतो, पाणी पाजतो, कानात दोन शब्द सांगतो, आणि म्हणतो, जा, अजून एक फेरी. आता मला सांगा, संसार म्हणजे दुसरं काय आहे? मार बसायचाच. पण कोपऱ्यात टॉवेल घेऊन कोण उभं आहे?” महाराज थांबले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नुसते हसले. सगळा मांडव विठ्ठल-विठ्ठल करत उठला.

बायकांच्या बाजूला बसलेल्या सरस्वतीबाई रडत होत्या. देवाच्या दारी त्यांनी आजवर पुष्कळ काही ऐकले होते, पण त्यांची स्वतःची जागा कुठली, हे कोणी सांगितले नव्हते. भाकरी थापणारी बाई, टॉवेल सांभाळणारी बाई. आता त्यांना वाटले, आपण ती कोपऱ्यातली. पोर रक्ताळून येईल तेव्हा पुसायचे, पाजायचे, उभे करायचे. पांडुरंगाचे काम, आपल्या हातून होते आहे. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. ही झोप पुढे त्यांना फार जड गेली.

कारण मंजू दुसऱ्यांदा आली. ओठ फाटलेला. सरस्वतीबाईंनी पाणी गरम केले, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, आणि पूजा करावी तसे लेकीचे तोंड पुसले. मग पाण्याचा तांब्या पुढे करून त्या म्हणाल्या, “जा माय. अजून एक फेरी.” आणि महाराजांचा दृष्टांत सगळा सांगितला.

मंजूने ऐकून घेतला. ती बारावीपर्यंत शिकली होती आणि तिची जीभ अजून शाबूत होती. “माय, समोरच्याला बी एक कोपरा असतो का न्हाई?”

“असंल की.”

“तिथं अर्जुनराव बसतेत. तेच्या तोंडाला बी ते पानी लावतेत आन् म्हनतेत, जा, अजून एक फेरी.” तिने ओठाला हात लावून पाहिला. “आन् तिकडं फेरी संपली की घंटा वाजती म्हनं. आमच्या घरात घंटा न्हाई.”

“असं देवाच्या गोष्टीला फाटे फोडू नये.”

“बरं,” मंजू म्हणाली, आणि गेली.

तिसऱ्यांदा ती एकटीच एसटीने आली. डाव्या कानात कापसाचा बोळा होता. हाक मारली तर एकदम उलट्या दिशेला बघे. बीडच्या डॉक्टरने सांगितले की पडदा फाटला आहे, आतलेही बिघडले आहे, या कानाने आता ऐकू यायचे नाही. घरी आल्यावर त्रिंबकराव बराच वेळ दाराशी बसून होते. मग म्हणाले, “एका कानानं बी ऐकू येतंच की मानसाला.” आणि महाराजांकडे गेले. महाराजांनी अर्जुनरावांशी बोलून घेतले. येत्या गुरुवारी दोघे बापलेक येणार, महाराज मध्ये बसणार, पाहुण्यांचा आहेर होणार आणि मंजू त्यांच्या जीपमध्ये बसून जाणार, असे ठरले. मंजूला कोणी विचारले नाही. सरस्वतीबाईंनी विचारले, “तुज्या मनात काय हाय?” तर तिने उजवा कान वळवून “काय?” म्हटले, आणि दुसऱ्यांदा विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

गुरुवारच्या आधीच्या रविवारी वसतिगृहात मुलींना सिनेमा दाखवायचा होता. तिथल्या अधीक्षक रोहिणी मॅडम मोबाइल टीव्हीला जोडत होत्या. सरस्वतीबाई पीठ मळता मळता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, आमच्या महाराजांचा सिनेमा लावा की.”

“कोणत्या महाराजांचा, मावशी? शिवाजी महाराजांचा?”

“न्हाई वं. भागवत महाराजांचा. त्यो गोरा मारामारीवाला, जगज्जेता. कोपऱ्यात म्हातारा असतो बघा.”

मुली खिदळल्या. मॅडमनी दोन-चार सिनेमांची चित्रे शोधून दाखवली. तिसऱ्यात खांद्यावर पांढरा टॉवेल घेतलेला म्हातारा दिसला. “ह्योच!” बाई म्हणाल्या. त्यांनी हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि पोथीला बसावे तशा मांडी घालून टीव्हीसमोर बसल्या.

“मावशी, नारळ आणू का?” एकजण म्हणाली.

“आन, तुझ्या डोक्यावर फोडते. गप बस.”

पहिला अर्धा भाग त्यांना कीर्तनातून पाठ होता. मुलींना त्याच आधी सांगत होत्या, “आता पडंल. आता उठतो बघा. गंध लावलं का? लावलं.” गोऱ्या माणसाने जगज्जेतेपदाचा सोन्याचा पट्टा डोक्यावर धरला, लोक नाचले, आणि बाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या, कारण भाकरी व्हायच्या होत्या.

“बसा मावशी. आता कुठं अर्धा झालाय.”

“अर्धा?”

बाई बसल्या. आता त्यांना पुढचे काही ठाऊक नव्हते आणि म्हणून त्या गप्प झाल्या. जगज्जेता म्हातारा होत गेला. त्याची बोलताना जीभ अडखळू लागली, चमचा धरताना हात थरथरू लागला. तरी लोकांना तो रिंगणात हवा होता आणि त्यालाही तिथून निघता येत नव्हते. शेवटच्या लढाईत समोर एक तरणाबांड पोरगा. हा पडे, उठे. पडे, उठे. प्रत्येक वेळी तो उठला की लोक आनंदाने ओरडत. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने त्याचे रक्त पुसले, पाणी पाजले, पुन्हा पाठवले. मग पुढच्या फेरीच्या मध्येच, घंटा व्हायच्या आधी, तो म्हातारा उभा राहिला. त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावली, खांद्यावरचा पांढरा टॉवेल ओढला आणि रिंगणात फेकून दिला.

टॉवेल दोघांच्या मध्ये पडला. पंचाने दोन्ही हात पसरले. सगळे थांबले. जगज्जेता म्हाताऱ्यावर धावून गेला, तू मला हरवलेस म्हणून रडला. म्हातारा एवढेच म्हणाला, चल, घरी जाऊ.

“त्येनं टॉवेल कावून टाकला?” बाईंनी विचारले.

“थांबवायला,” मॅडम म्हणाल्या. “कोपऱ्यातल्या माणसानं टॉवेल टाकला की लढाई बंद. तसा नियमच आहे.”

“खेळनारा नको म्हनला तरी?”

“तरी.”

“आन् समोरचा?”

“त्यालाही थांबावंच लागतं, मावशी.”

सरस्वतीबाईंनी टीव्हीला हात जोडले. त्या वेळी काही मुली हसल्या, काही हसल्या नाहीत. बाईंच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कोपऱ्यात देव उभा आहे हे महाराजांनी खरे सांगितले होते. पण टॉवेल त्याच्या खांद्यावर कशासाठी असतो, हे सांगितलेच नव्हते. पुसणे हे तर कोणीही करील; दवाखान्यातली बाईही करते. त्याला देव म्हणायचे ते त्याने टॉवेल फेकला म्हणून. त्या दिवशी भाकरी करपल्या आणि मुलींनी मुकाट्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. भागवत महाराज ओट्यावर भगर खात बसले होते. सरस्वतीबाई एकट्या कधी त्यांच्या दारी गेल्या नव्हत्या.

“महाराज, त्या सिनेमाचा शेवट बघितलाव का तुमी?”

“कोणत्या? हां, तो! शेवट कुठला? चौसाळा आलं, क्लीनर ओरडला, उतरलो. गाडी पुढं बीडला गेली.” महाराज मोकळेपणाने हसले. “जगज्जेता झाला तो. अजून काय शेवट पायजे?”

“मंग तुमी अर्धाच बघितला.”

“बाई, दृष्टांताला अर्धं-पूर्ण नसतं.”

“त्यो म्हातारा शेवटी टॉवेल फेकतो. लढाई बंद करतो. ‘घरी जाऊ’ म्हनतो.”

महाराजांचा घास हातातच राहिला. त्यांना सगळे समजले. भाबडे असतील, मूर्ख नव्हते.

“हे खरं असंल,” ते हळूच म्हणाले, “पण मांडवात चालायचं नाही. लोक उठून जातील. आणि मी अर्जुनरावांना शब्द दिलाय, बाई. गुरुवारी नीट आहेर काढा, टॉवेल जरा बरे बघा.” मग त्यांनी भगर संपवली.

गुरुवारी जीप आली. अंगणात सतरंजी अंथरली होती. अर्जुनराव मध्ये, शेजारी महाराज, समोर त्रिंबकराव हात जोडल्यासारखे बसलेले. अभिमन्यू भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. मंजू आत, नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. ओटी भरायचे तांदूळ सुपात काढलेले.

“इवाई, पोरगं तापट हाय,” अर्जुनराव चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. “आमचं घरच तापट. म्या बी तसाच होतो. तुमच्या इहीनबाईला इचारा.” ते हसले. “पन खान्यापिन्याला कमी हाय का? तुमी सांगा.”

“न्हाई, न्हाई,” त्रिंबकराव म्हणाले.

“मंजू गुणाची पोर आहे,” महाराज म्हणाले. बोलायची सवय, तोंडातून निघून गेले: “अजून एक फेरी.” आणि ते एकदम खाली बघू लागले.

“आगं, आहेर आन,” त्रिंबकरावांनी हाक मारली.

सरस्वतीबाई ताट घेऊन बाहेर आल्या. कुंकू, दोन टोप्या, दोन टॉवेल. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या आणि त्यांनी वरच्या टॉवेलाचा प्लॅस्टिकचा कागद काढायला सुरुवात केली. कागद कुरकुर वाजला.

“कागद कावून काढायलीस? तसाच दे,” त्रिंबकराव दबक्या आवाजात म्हणाले.

बाईंनी ताट खाली ठेवले. कपाळाला बोट लावले, छातीला लावले, दोन्ही खांद्यांना लावले. ते गंध होते की दुसरे काही, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारायला वेळही नव्हता. मग त्यांनी तो पोपटी टॉवेल सतरंजीच्या मधोमध फेकला. विरळ, हलका टॉवेल. धड उलगडलाही नाही. एक टोक अर्जुनरावांच्या पायावर पडले, एक बशीत. बशी कलंडली. खळीचा टॉवेल, चहा त्यावरून तसाच ओघळून गेला.

बाई वाट बघत उभ्या राहिल्या. कोणीतरी आता हात पसरून मध्ये येईल असे त्यांना खरोखरच वाटले होते. कोणी आले नाही.

“बंद,” त्या स्वतःच म्हणाल्या. “माजी लेक आता खेळत न्हाई.”

“येडी झालीस का?” त्रिंबकराव उठले.

अंगणात अर्थ कळलेला एकच माणूस होता. त्याच्याकडे बाईंनी पाहिले. भागवत महाराजांनी माळ चाचपली आणि ते अर्जुनरावांकडे वळून म्हणाले, “बाईच्या अंगात आलंय, अर्जुनराव. मनावर घेऊ नका.”

“अंगात येऊ द्या न्हाई तर काई बी येऊ द्या!” अर्जुनराव ताडकन उठले होते. “आहेर तोंडावर फेकतेत व्हय? आमच्या सात पिढ्यांत कुनी टॉवेल फेकून मारला न्हाई आमाला! ऊठ रं, अभिमन्यू. ठिवून घ्या तुमची पोरगी. असल्या घरची पोर आमाला नगं!”

पोरीचा कान फुटला तेव्हा ज्यांची मानही हलली नव्हती, ते एका टॉवेलापायी जीपमध्ये जाऊन बसले. त्रिंबकराव मागे पळाले, गाडीच्या दाराला धरून काय काय बोलले. जीप गेली. मंजू राहिली. ती मारामुळे राहिली नाही, फाटलेल्या पडद्यामुळे राहिली नाही, आईच्या देवामुळेही नाही. अर्जुनरावांचा अपमान झाला म्हणून राहिली. गावात आजही हे असेच सांगतात: त्या बाईने व्याह्याला टॉवेल फेकून मारला आणि लेकीचा संसार मोडला.

संध्याकाळी मंजू अंगण झाडायला बाहेर आली. तिने टॉवेल उचलला, झटकला, चारपदरी घडी घातली. सरस्वतीबाई दाराशी बसल्या होत्या. लेक आता काहीतरी बोलेल, निदान जवळ बसेल, अशी त्यांची आशा होती.

“माय,” मंजू म्हणाली, “पेटी भरून टॉवेल होते. पयल्यांदा आले तवा कावून न्हाई टाकला?”

बाईंनी उत्तर दिले. सिनेमा अर्धाच कळला होता, महाराजांनी तसे सांगितले होते, असे काहीसे त्या बोलल्या. पण त्या लेकीच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. मंजू घडी घेऊन आत निघून गेली. तिला ऐकू आले नाही, की तिने ऐकले नाही, हे बाईंना अजून कळलेले नाही.

त्रिंबकरावांची टाळकऱ्यांतली जागा गेली. पुढच्या कीर्तनाला निरोप आला नाही, आणि उजव्या खांद्यामागे दुसरा माणूस दिसू लागला. त्रिंबकरावांनी बायकोशी बोलणे टाकले. जेवायला वाढ, एवढेही ते मंजूकरवी सांगतात, आणि तेही उजव्या बाजूला जाऊन. मंजू आता आईबरोबर वसतिगृहात भाकरी करते. तिच्या भाकरी आईपेक्षा पातळ होतात. दोघींचे जमते. बोलणे पिठा-मिठापुरते.

या वर्षीही सप्ताह बसला. दोघी गेल्या नाहीत. पण कर्णा वसतिगृहाच्या समोरच्याच खांबावर बांधलेला होता. मेथी निवडता निवडता सरस्वतीबाईंना भागवत महाराजांचा आवाज ऐकू आला. तोच मुष्टियोद्धा, तीच ट्रॅव्हल्स, तेच गंध. टाळ तसेच कडकडले. मग महाराजांनी थोडी नवी भर घातली.

“आणि माऊली, गंमत बघा. एक भोळी बाई माझ्याकडं आली. म्हणाली, महाराज, तुम्ही त्या सिनेमाचा शेवट बघितला नाही! मी म्हणालो, अगं बाई, भक्ताच्या कथेला शेवट असतो का कधी?”

मांडवात हशा उठला. तो कर्ण्यातून खरखरत वसतिगृहाच्या अंगणात पसरला.

सरस्वतीबाईंचा हात थांबला. त्यांनी मंजूकडे पाहिले. मंजूने मेथीची जुडी मांडीवर घेतली, पाट उचलला आणि फिरवून घातला, डावा कान कर्ण्याकडे येईल असा. मग ती पुन्हा निवडायला लागली.